नसलेल्या थडग्याचा पत्ता

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर व्हिटबी नावाचं जुनं मासेमारीचं गाव आहे. बंदराजवळून 199 दगडी पायऱ्या चढून गेलं की कड्यावर सेंट मेरीचं चर्च लागतं. त्या चर्चमध्ये एक साधी पाटी लावलेली आहे. ड्रॅक्युलाचं थडगं कुठे आहे असं कृपया कर्मचाऱ्यांना विचारू नका, कारण ते नाहीच, अशा अर्थाची. पाटीमागची हकिगत सगळ्यांना ठाऊक आहे. लेखक ब्रॅम स्टोकर 1890 मध्ये या गावात राहून गेला, 1897 मध्ये त्याची ‘ड्रॅक्युला’ ही रक्त पिणाऱ्या पिशाच्चाची कादंबरी आली आणि तिच्यातला एक महत्त्वाचा भाग याच पायऱ्यांवर आणि याच दफनभूमीत घडतो. कादंबरीतलं पात्र कुठे पुरलेलं नसतं हे विचारणाऱ्यांनाही कळत असणार. तरी लोक पायऱ्या चढून, धापा टाकत येतात आणि विचारतात. इतके विचारतात की पाटी लावावी लागली. या पाटीपुढे विचार अडतो. आजूबाजूला शेकडो खरी थडगी असताना माणसाला नसलेलं थडगं का हवं असतं?

व्हिटबीला 1994 पासून गॉथ लोकांचा, म्हणजे काळा पेहराव आणि उदास संगीत यांभोवती जमणाऱ्या माणसांचा, मेळा भरू लागला. पुढे वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात. काळी लेस, उंच हॅट, कॉर्सेट, बकलांचे टोकदार बूट आणि पांढरेफटक चेहरे घेऊन माणसं या अरुंद गल्ल्यांमधून हिंडतात आणि मासे-चिप्सच्या दुकानापुढे इतरांसारखीच रांगेत उभी राहतात. त्यांच्याबद्दलचा पहिला प्रश्न सगळीकडे एकच असतो: चांगल्या घरातली, शिकलीसवरलेली पोरं मरणाचा असा साज का चढवतात? आपल्याकडे तर हा प्रश्न जास्तच टोचतो. संक्रांतीची चंद्रकळा सोडली तर शुभकार्यात काळा कपडा चालत नाही, बाळाच्या गालावर तीट लावायची तेवढं काळं पुरे. मात्र या प्रश्नाचं उत्तर मानसशास्त्राच्या पुस्तकाआधी वस्तूंमध्ये शोधावं असं मला वाटतं. गॉथपण हा आधी हाताने करायचा उद्योग आहे आणि तरुण मुलं त्या उद्योगाकडे ओढली जातात.

व्हिटबीतलीच वस्तू घेऊ. तिथल्या कड्यांमध्ये जेट नावाचा काळा दगड सापडतो. नावाला दगड, पण मुळात ते लाकूड. सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी गाळात दडपलेलं. आपल्याकडे बंगल्याच्या अंगणात ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून जे अरौकेरिया लावतात, त्याच्या कुळातल्या झाडांचं. म्हणून जेट हातात घेतला की फसल्यासारखं होतं. इतका काळा, इतका चकचकीत, आणि वजनच नाही. पाण्याच्या जेमतेम सव्वापट जड. शिवाय स्पर्शाला गार लागत नाही. काचेचा नकली मणी गालाला लावला तर चटकन थंड जाणवतो, जेट जाणवत नाही. खात्री करायची तर चिनी मातीची बशी उलटी करून तिच्या बुडाच्या खरखरीत, चकाकी नसलेल्या कडेवर मणी हलकेच ओढायचा. जेटची रेघ तपकिरी उमटते. दगडी कोळशाची काळी येते, काचेची येतच नाही. कडक केलेल्या रबराचा जुना नकली माल मात्र इथे फसवतो, कारण त्याचीही रेघ तपकिरीच येते. तो जोरात घासून गरम झाला की रबराचा, गंधकाचा वास सुटतो. त्यावरून तो ओळखायचा. काळ्याच्या आत तपकिरी, दगडाच्या आत झाड.

या जेटला बाजार मिळाला तो शोकामुळे. 1861 मध्ये व्हिक्टोरिया राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट गेला आणि राणीने पुढची चाळीस वर्षं, स्वतःच्या मरणापर्यंत, काळं सोडलं नाही. तिच्यामागे सगळा मध्यमवर्ग गेला. विधवेने पहिलं एक वर्ष आणि एक दिवस क्रेपने मढवलेला मंद काळा पोशाख घालायचा, त्यावर दागिना घातलाच तर जेटचा. क्रेप म्हणजे चुरमडलेलं, चकाकी घालवलेलं रेशीम. पावसात भिजलं की आक्रसायचं आणि त्याचा काळा रंग मानेला, मनगटाला लागायचा. त्या नियमांमध्ये बाईचा छळ होताच, तो लपवायचं कारण नाही. पण त्यात एक गोष्ट होती जी पुढे हरवली. दुःखाला मुदत होती, कापड होतं, आणि रस्त्यावरच्या परक्या माणसालाही दुरून कळायचं की या व्यक्तीशी जरा हळू बोलायचं आहे. आपल्याकडे दहा दिवसांचं सुतक असतं, तेराव्याला गोडाचं जेवण होतं आणि मग घरातलं कुणीतरी म्हणतं, “आता सावर.” ज्याला सावरता येत नाही त्याने काय घालायचं, हे कुणी सांगत नाही. आणि सोळा-सतराव्या वर्षी जे दुःख असतं त्याला बहुतेकदा प्रेतही नसतं. कोण गेलं म्हणून रडायचं तेच ठाऊक नसतं.

नसलेल्या थडग्याचा पत्ता त्याच वयात हवा असतो.

आता काळ्या कपड्याचं सांगायला हवं, कारण बाहेरच्याला वाटतं की काळं घालण्याइतकं सोपं काही नाही. काळा हा सांभाळायला सगळ्यांत खट्याळ रंग. पाच दुकानांतले पाच काळे कपडे दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवले तर एक निळसर निघतो, एक हिरवट, एक लालसर. काळा रंग बहुधा दोनतीन रंग मिसळून केलेला असतो, त्यातला एखादा धुण्यात आणि उन्हात आधी उडतो आणि उरलेला वर येतो. म्हणून कपडा उलटा करून, गार पाण्यात, इतर काळ्यांबरोबरच धुवायचा आणि सावलीत वाळवायचा. तरी दोनतीन वर्षांत तो विटतोच. मग घरी रंगवायचा. सुती कापडाला गार पाण्यात चालणारा रिॲक्टिव्ह रंग घेतात. इतर रंगांना कोरड्या कापडाच्या वजनाच्या दोन ते चार टक्के रंग पुरतो, काळ्याला सहा ते आठ टक्के लागतो. इथेच पहिल्यांदा रंगवणारे चुकतात आणि हाती राखाडी शर्ट येतो. लिटरभर पाण्याला 50 ते 80 ग्रॅम मीठ, म्हणजे रंग पाण्यातून कापडाकडे सरकतो. धुण्याचा सोडा, लिटरला साधारण 20 ग्रॅम, मागाहून घालायचा. तो रंगाला धाग्याशी कायमचा बांधतो. घाईने आधीच घातला तर रंग कापडाऐवजी पाण्याशीच जुळून जातो आणि सगळा मोरीतून वाहून जातो. त्यानंतर तासभर तरी कापड सारखं हलवत राहायचं, नाहीतर घडीच्या जागी ढगाळ डाग पडतात. एवढं करूनही कपडा वाळला की शिवण जुन्याच रंगाची दिसते, कारण शिलाईचा दोरा पॉलिएस्टरचा असतो आणि त्याला हा रंग चढत नाही. अनुभवी गॉथ माणूस आधी शिवण बघतो, मग कपडा विकत घेतो. हे सगळं कुणीतरी मोठं माणूस एखाद्या ‘बेबी बॅट’ला, म्हणजे या वर्तुळात नव्याने आलेल्या पिल्लाला, शिकवत असतं. वटवाघळाचं पिल्लू हा शब्द तिथे मायेने वापरतात.

डोळ्यांचंही तसंच. क्रम चुकला की सगळं बिघडतं. डोळे आधी आणि चेहऱ्याचा पाया, म्हणजे फाउंडेशन, नंतर, कारण काळ्या मॅट पावडरचे कण गालावर पडतात आणि पांढऱ्या पायावर पडले की पुसताना राखाडी फराटा उठतो. आधी पापणीवर प्रायमर, मग पेन्सिलने आकार, त्यावर तोच आकार काळ्या पावडरने दाबून बसवायचा, घासायचा नाही. सगळ्यांत शेवटी पातळ लायनरने कड. बाहेरच्या कोपऱ्यातून भुवईच्या टोकाकडे तिरकी चिकटपट्टी लावली तर रेघ सरळ येते. मात्र पट्टी आधी हाताच्या पाठीवर दोनदा चिकटवून तिचा जोर कमी करायचा, नाहीतर पापणीची नाजूक त्वचा ओढली जाते. घरच्या दिव्यावर धरलेलं काजळ गडद असतं, पण तुपाचं किंवा एरंडेलाचं असल्यामुळे तासाभरात पसरतं. त्यावर कोरड्या पावडरचा थर देऊन ते बसवावं लागतं. काढताना साबण नको, तेल.

पांढऱ्या चेहऱ्याबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. हा पांढरेपणा मूकपटांतल्या पिशाच्चांपासून आणि क्षयाने फिकटलेल्या जुन्या नायिकांच्या चित्रांपासून आला. सावळ्या त्वचेवर तो थेट लावला की मेल्यासारखा दिसायच्या ऐवजी राखेसारखा दिसतो, आणि मुलीला वाटतं की आपली त्वचाच चुकीची आहे. तसं नाही. काळे आणि सावळे गॉथ लोक बहुधा पांढरा थर सोडूनच देतात. गडद जांभळा, वाइनचा लाल, चांदीची रेघ, आणि त्वचा आहे तशी. ते जास्त सुंदर दिसतं, आणि ‘गॉथ म्हणजे गोरा’ हा समज मोडायलाच हवा.

केस उभे करायचे तर ते आदल्या दिवशी धुतलेले हवेत. ताजे धुतलेले निसटतात. दोन बोटं रुंदीची बट सरळ वर ताणून धरायची आणि कंगवा मुळाकडे, फक्त मुळाकडे, छोट्या फटक्यांनी ढकलायचा. वर-खाली केलं तर दुसरा फटका पहिल्याची गाठ सोडवतो. प्रत्येक बटेच्या मुळाशी स्प्रे मारून तो वाळेपर्यंत ती धरून ठेवायची, मगच पुढची. पूर्ण डोकं व्हायला तास लागतो. सोडवताना टोकांपासून सुरुवात, भरपूर कंडिशनर, मोठ्या दातांचा कंगवा, आणि अर्धा तास धीर. दमट हवेत हा डोलारा टिकत नाही. व्हिटबीच्या 199 पायऱ्या चढेपर्यंत समुद्राचा वारा निम्मं काम उतरवतो, मुंबईच्या जूनमध्ये तर लोकल येईपर्यंतच.

कपडे, डोळे, केस मिळून दोन-अडीच तास. एवढा वेळ माणूस आरशासमोर स्वतःच्या उदासीबरोबर असतो, पण हात रिकामे नसतात. मला वाटतं ओढ इथे आहे. घरी खोलीचं दार लावून पडलेल्या पोराला “काय झालंय?” विचारलं तर उत्तर देता येत नाही. याच पोराला मैत्रिणीने समोर बसवून “डोळे मीट, हलू नकोस” म्हटलं तर ते अर्धा तास शांत बसतं. काही बोललं जात नाही. एका माणसाचा हात दुसऱ्याच्या चेहऱ्यावर असतो.

गॉथपण सुरू झालं ते संगीतातून. तो इतिहास मोठा आहे, म्हणून त्यातलं एकच बारकाईने. 26 जानेवारी 1979 रोजी इंग्लंडमधल्या वेलिंगबरो या गावातल्या एका छोट्या स्टुडिओत बाउहाउस नावाच्या चार पोरांनी, बँड जमून काही आठवडेच झाले असताना, नऊ मिनिटांहून लांब गाणं ध्वनिमुद्रित केलं. ‘बेला लुगोसीज डेड’. लुगोसी म्हणजे पडद्यावर ड्रॅक्युला झालेला नट. ड्रमच्या कडेवरची टिकटिक प्रतिध्वनीत विरघळत राहते, बास गिटार तीन-चार सूर सावकाश खाली उतरते, गिटार तर वाजतच नाही, कुठेतरी पत्रा खरवडल्यासारखी घासते. जवळजवळ तीन मिनिटं कुणी गात नाही. ही रिकामी जागा महत्त्वाची आहे. त्याआधीच्या पंक संगीतात राग होता आणि दोन मिनिटांत गाणं संपायचं. इथे कुणालाच घाई नाही. पुढे 1982 च्या जुलैमध्ये लंडनच्या सोहो भागात बॅटकेव्ह हा गॉथ लोकांचा क्लब सुरू झाला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या बेकारांचा आकडा तीस लाखांवर गेला होता. उत्तरेकडे लीड्समध्ये तर सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात एक खुनी बायकांना मारत हिंडत होता आणि रात्री घराबाहेर पडू नका असं बायकांनाच सांगितलं जात होतं. त्या शहरातल्या मेरियन सेंटरच्या तळघरात ल फोनोग्राफीक नावाचा क्लब होता, नाचायच्या जागेच्या मधोमध खांब असलेला. भीतीचं रूप घेऊन भीतीतून चालत जायचं, हे ज्या पिढीला सुचलं ती अशा रस्त्यांवर वाढली होती.

आणि तो नाच. जोडी लागत नाही. दोन पावलं पुढे, दोन मागे, हात चेहऱ्यासमोरून जाळी बाजूला सारल्यासारखे. कुणी हात धरायला येत नाही, एकटं नाचणाऱ्या मुलीकडे ‘ही कुणाची वाट बघतेय’ या नजरेने कुणी बघत नाही. मुलगा लेस घालून, डोळ्यांत काजळ घालून नाचला तर कुणाला खुलासा द्यावा लागत नाही. बाहेरच्या जगात या दोन साध्या गोष्टींना किती किंमत मोजावी लागते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना गॉथ क्लबची ओढ समजावून सांगावी लागत नाही.

पूर्व जर्मनीत ही किंमत आणखी वेगळी होती. तिथे या मुलांना ग्रुफ्टी म्हणत, तळघरातल्या थडग्यासाठीच्या जर्मन शब्दावरून. गुप्त पोलिसांनी त्यांचा स्वतंत्र प्रकार पाडून नोंद ठेवली होती. बर्लिनची भिंत पडल्यावर 1992 मध्ये लाइपझिगमध्ये वेव्ह-गोटिक-ट्रेफन हा गॉथ लोकांचा उत्सव पहिल्यांदा भरला, आज पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीत तिथे वीसेक हजार माणसं येतात आणि बागेत जुन्या काळचे पोशाख घालून सहभोजन करतात. 2000 साली मात्र उत्सव चालू असतानाच आयोजकांचं दिवाळं निघालं. पैसे संपले, पगारी माणसं निघून जाऊ लागली. मग स्वयंसेवक आणि आलेल्या लोकांनीच व्यवस्था सांभाळली, काही बँड बिनपैशांचे वाजले. मरणाचे उपासक म्हणून ज्यांची हेटाळणी होते ती माणसं अडचणीत एकमेकांना अशी धरून राहिली.

काळजीची बाजूही आहे आणि ती आईबापांपासून झाकू नये. इंग्लंडमध्ये साडेतीन हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. पंधराव्या वर्षी स्वतःला अगदी ठामपणे गॉथ म्हणवणाऱ्या मुलांमध्ये अठराव्या वर्षी नैराश्याची शक्यता तिप्पट आणि स्वतःला इजा करून घेण्याची पाचपट आढळली. गॉथपणामुळे हे होतं असं संशोधकांनी म्हटलेलं नाही. आधीच खचलेली मुलं तिथे आसरा घेतात, हेही तितकंच शक्य आहे, आणि मला ते जास्त पटतं. पण आसरा म्हणजे उपचार नव्हे. मुलीने केस काळे केले म्हणून घाबरू नये. ती उन्हाळ्यात लांब बाह्यांखाली मनगट लपवू लागली, जेवण-झोप सुटली, मैत्रिणींनाही टाळू लागली, तर तिच्या जवळ बसावं, थेट विचारावं आणि डॉक्टरकडे न्यावं. काळ्या कपड्यांवर बंदी घालून यातलं काहीच साधत नाही. उलट ज्या मैत्रिणींना तिच्याबद्दल सगळ्यात आधी कळतं, त्यांच्यापासूनच ती तुटते.

11 ऑगस्ट 2007. लँकेशरमधल्या बेकप गावच्या बागेत सोफी लँकेस्टर ही गॉथ मुलगी आणि तिचा मित्र यांना एका टोळक्याने गाठलं. दोघं दिसायला वेगळी होती, एवढंच कारण. आधी त्याला मारलं. तो खाली पडल्यावर सोफीने त्याचं डोकं आपल्या मांडीवर घेऊन वाचवायचा प्रयत्न केला, मग ते तिच्यावर वळले. तो वाचला. ती शुद्धीवर आली नाही, तेरा दिवसांनी गेली. वीस वर्षांची होती. पुढे तिच्या आईने तिच्या नावाने संस्था काढली आणि 2013 मध्ये ग्रेटर मँचेस्टरच्या पोलिसांनी अशा वेगळ्या राहणीच्या लोकांवरचे हल्ले द्वेषातून झालेले गुन्हे म्हणून नोंदवायला सुरुवात केली.

दुसऱ्याचं डोकं मांडीवर घेण्यात कसलाही पेहराव नव्हता.

व्हिटबीच्या कड्यावर पुन्हा येऊ. मेळ्यातल्या काहींना थडग्यांवर पहुडून फोटो काढायची हौस असते आणि गावातले लोक त्यावर रागावतात. त्यांचा राग रास्त आहे. ते दगड जुने, वालुकाश्माचे आहेत, वजनाने तुटतात, आणि खाली कुणाचे तरी पणजोबा आहेत. शेजारी बसावं, वर नाही. जाणते गॉथ हे पाळतात आणि पिल्लांनाही बजावतात. शेजारी बसलं की दिसतं, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने त्या दगडांवरची अक्षरं खाऊन टाकली आहेत. भिजलेल्या खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटलेत. नाव नाही, साल नाही, कुठे फक्त वरची एक वेलबुट्टी शिल्लक. 2012 च्या शेवटी आणि 2013 च्या सुरुवातीला अतिपावसाने कडा खचला आणि या दफनभूमीतली माणसांची हाडं खाली उतारावर उघडी पडली. ती गोळा करून पुन्हा पुरली गेली. कुणाची होती ते कुणी सांगू शकलं नाही.

पाटी वाचून माणसं चर्चच्या बाहेर येतात. वारा नेहमीसारखाच सुटलेला असतो. एखादी मुलगी तासभर खपून उभे केलेले केस एका हाताने धरते, दुसऱ्या हाताने स्कर्ट आवरते आणि बिननावाच्या एका दगडाच्या आडोशाला गवतात टेकते. मैत्रीण तिच्या गालावर ओघळलेलं काजळ बोटाने नीट करत असते.